यज्ञेशनं पेरलेले पाम

मुलुंड, १४ एप्रिल २०२४

सुयोग,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहिणार नाही.

दोनदा आले तुला भेटायला. आधार कार्ड दाखवलं, पिशवी तपासून घेतली, बाकावर बसले. दोन्ही वेळा शिपाई आला आणि म्हणाला, "आजी, तो खाली येत नाही म्हणतो." पहिल्यांदा वाटलं, आजारी असशील. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, "आजारी कसला, दोन्ही वेळ जेवतो." म्हणजे नुसता हट्ट. तर आता लिहिते. शाळा सातवीत सुटली, अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे. लागेल तसं वाच. आत पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचू दे. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

सोसायटीत अजून विचारतात. मी एका दमात सांगून टाकते. टेम्पो माझा भाचा चालवत होता, पहाटे डुलकी लागली, उभ्या कंटेनरवर आपटला, शेजारी बसलेला त्याचा पार्टनर यज्ञेश गेला, भाचा वाचला, कोर्टात मान्य केलं, आत आहे. झालं. त्यापुढे कोणी "अगं पण" म्हणालं की मी दार लावते.

तुमची नर्सरी बंद केलेली नाही. तुझ्या वकिलाला वाटतं केली. झाडं बरीचशी विकून टाकली, शेजारच्या सोनूबाईने गिऱ्हाईक आणलं. विजेच्या टॉवरच्या वायरीखाली उंच झाड चालत नाही, सोनचाफा आणि बदाम तर द्यायचेच होते. राहिल्या त्या यज्ञेशच्या काळ्या पिशव्या. मागच्या कुंपणाला लागून रांगा लावून ठेवलेल्या. जायच्या आदल्याच आठवड्यात त्याने ते परदेशी पंखा पामचं बी पेरलं होतं, ते आठवतं ना. बोराच्या आठळीएवढं बी, कुरिअरने आलेलं, पाण्यात भिजवत ठेवलेलं. मी तेव्हा म्हटलं होतं, "अरे, दादरला एवढे पाम मिळतात, हे कशाला?" तर म्हणाला, "आत्या, हा काटक आहे. ऊन सोसतो, वारा सोसतो, बर्फातसुद्धा मरत नाही. आणि वाढतो कमरेएवढा, वायरीला कधी लागणारच नाही."

मी त्यांना पाणी घालत होते. उगाच. फेकवेना म्हणून. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, माती जशीच्या तशी. मला कुठे धीर. एक पिशवी फाडून बघितली. बी तसंच्या तसं. पण त्याच्यातून पांढरा कोंब निघून सरळ खाली गेलेला, पार तळाला. वर काही नाही आणि खाली एवढं काम चाललेलं. माझ्या बोटाने तो तुटला. बाकीच्या पिशव्यांना मग हात लावला नाही.

परवा पातं आलं. एकेका पिशवीत एकेक. गवताचं पातं असतं तसंच, पंखा वगैरे काही नाही. सोनूबाई कुंपणावरून ओरडली, "काय गो रत्ना, पातीचो चाय लावलंस काय? माका एक जुडी दी!" तिला गवती चहा वाटला, मला तण वाटलं, दोन तर उपटायला धरली होती. मग दिसलं की रांगेत आहे. तण रांगेत उगवत नाही.

यज्ञेशचे पाम उगवले. हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

मला काय हवं ते सरळ सांगते. तुझ्या हातची एक ओळ. बरा आहे, एवढं लिहिलंस तरी पुरे.

आत्या


मुलुंड, ३० मे २०२४

सुयोग,

तुझी ओळ आली नाही. ठीक आहे.

इथे ऊन मरणाचं आहे. टॉवरखाली सावली म्हणून नाही, तू लावलेली हिरवी जाळी फाटली होती, ती शिवून घेतली. पात्यांपैकी काही गेली. ऊनच एवढं आहे, त्याला कोण काय करणार.

घरात सगळं ठीक. माझा गुडघा आहे तसा आहे. सोनूबाईच्या नातीचं लग्न ठरलं, त्यात तिने मला विचारलं, "तुझो भाचो कधी येतलो?" मी म्हटलं, "तुझ्या नातीच्या लग्नात वाढायला येणार नाही एवढं नक्की." ती हसली. 

मदतीला एक बाई येते आता. रविवारी येते, बोलत कमी, काम नीट करते. मला वाकवत नाही तर तीच वाकते. पैसे घेत नाही. कोण, कुठली, ते विचारू नकोस.

तू विचारणारही नाहीस म्हणा. पत्राचं उत्तर देत नाहीस, प्रश्न कुठून विचारशील.

तुझी आई गेल्यावर मी तुला वाढवलं वगैरे मी कधी उगाळलं नाही, आजही उगाळत नाही. पण माणूस भेटायला येतो तेव्हा खाली यायचं असतं, एवढं तरी शिकवलं होतं मी तुला.

आत्या


मुलुंड, २१ जुलै २०२४

सुयोग,

मागच्या पत्रात दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. मला खोटं पचत नाही, तेव्हापासून छातीत जळजळ होते आहे. सोनूबाई म्हणते पित्त आहे. असेल.

पहिली. पाती उन्हाने गेली नाहीत. मी मारली.

आमच्या बाबांनी गावी आचऱ्याला माड लावला की खड्ड्यात आधी जाडं मीठ टाकायचे. त्यांचे बाबाही टाकायचे. माडाला मीठ लागतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. पाती पिवळी दिसायला लागली तर मला वाटलं, पामच आहे, माडाचाच भाऊबंद. किराणावाल्याकडून जाड्या मिठाची पिशवी आणली आणि एकेका पिशवीत मूठ मूठ घातली. वरून पाणी. मोठ्या मायेने घातलं रे. चार दिवसांत पाती टोकापासून जळत खाली आली. बर्फात मरत नाही म्हणायचा तो पाम, माझ्या हातून मेला.

दुसरी गोष्ट. रविवारी येणारी बाई म्हणजे ऋतिका, यज्ञेशची बायको.

पत्र खाली ठेवू नकोस. वाच.

मे महिन्यात ती आली यज्ञेशचे गमबूट न्यायला. मी तिला तेराव्यानंतर बघितलंच नव्हतं. काय बोलणार? आत ये म्हणायची माझी छाती झाली नाही, नको म्हणायची पण नाही. ती शेडमध्ये गेली, बूट घेतले आणि बाहेर येताना त्या पिशव्यांपाशी थांबली. तेव्हा मातीवर पांढरी पापडी धरली होती. तिने बोटाने खरवडली आणि चक्क जिभेला लावली.

"आत्या, हे मीठ आहे?"

"माडाला घालतात," मी म्हटलं.

"हा माड नाही."

"पाम आहे ना?"

"आत्या, पाम म्हणजे माड नाही." एवढं म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता बूट खाली पडले. मग ते हसणं कुठल्या कुठे गेलं. मी तिला पकडून बसवलं, पाणी दिलं. ती एकच सांगत होती, "घरात रात्रंदिवस हेच ऐकायचे मी. मुळं खाली जातात, लांब पिशवी लागते, पहिलं पातं साधं येतं, पंखा दुसऱ्या वर्षी. जेवताना पाम, झोपताना पाम. मी कान बंद करायचे. तरी सगळं पाठ झालं बघा."

मग तिने नळाला पाइप लावला आणि एकेक पिशवी धुऊन काढली. खालून पाणी गोड येईपर्यंत म्हणाली. खरंच चाखून बघत होती, वेडी. निम्म्याहून जास्त वाचले. दुसऱ्या रविवारी परत आली, बूट पायात घालून. तिला मोठे होतात, कापड कोंबून घालते.

आता पावसाचं पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून वर प्लास्टिक बांधलंय. तिनेच बांधलं. ती तुझं नाव काढत नाही. मीही काढत नाही. आम्ही पामबद्दल बोलतो आणि चहा पितो.

मला माहीत आहे तू खाली का येत नाहीस. तुला वाटतं आपल्याला कोणी बघू नये. पण ती मला बघते आहे ना, तुझ्या आत्याला, दर रविवारी. तिला जमतं.

आत्या


मुलुंड, २२ सप्टेंबर २०२४

सुयोग,

या पत्राचं उत्तर हवं आहे. माझ्यासाठी नाही.

गेल्या रविवारी ऋतिका लवकर आली. मी चहा टाकला. ती कप हातात धरून बसली, पीत नव्हती. मी म्हटलं, "साय धरली गं, पी." तर म्हणाली, "आत्या, सुयोगने तुम्हाला काही सांगितलंय का?"

"मला तोंड दाखवत नाही तो. सांगणार काय?"

"कोर्टात पण काहीच बोलला नाही. नुसतं मान्य."

"हो."

मग तिने सांगितलं. यज्ञेश कधी माल पोचवायला जायचा नाही. ते तुझं काम, त्याचं काम माती आणि बी. मग त्या दिवशी तो टेम्पोत कशाला बसला? आदल्या रात्री तिचं आणि यज्ञेशचं वाजलं होतं. कशावरून ते काही मोठं नव्हतं, तिच्या माहेरच्या मुंजीला तो नर्सरीमुळे जाणार नव्हता, त्यावरून. ती म्हणाली, "जा, त्या झाडांपाशीच जाऊन राहा, घरी येऊच नको." तो पहाटे उठून न सांगता गेला. चहासुद्धा न घेता.

नऊ महिने ती पोर हे उरावर घेऊन बँकेत जाते, येते, सासूचं करते. "मी घालवलं त्याला," म्हणते. "मी बोलले नसते तर तो घरी झोपला असता."

मी म्हटलं, "नवराबायको असं रोज बोलतात. बोलण्याने कोणी मरत नाही." पण रिकाम्या शब्दांनी काय होतं? मला कुठे माहीत आहे तो का गेला. तिलाही माहीत नाही. यज्ञेश सांगायला नाही. राहिला कोण?

तेव्हा आता नीट ऐक. तू आत बसून गप्प राहतोस, तुला वाटत असेल ही तुझी शिक्षा आहे, तू ती भोगतोस. तुझी शिक्षा तू भोग. जज्जाने दिली ती भोग, तू स्वतःला वर घातलीस तीही भोग, मी मध्ये येत नाही. पण तिला कोणी शिक्षा दिलेली नाही. तुझ्या गप्प बसण्याने ती भोगते आहे. ते मला चालणार नाही.

भांडण झालं म्हणून रागाने आला असेल, तर तेच सांग. तिला ते सोसेल की नाही मला माहीत नाही. पण रोज एकटीने अंदाज बांधत बसण्यापेक्षा बरं. माझ्या बहिणीचा नवरा दर्यावर गेला तो आलाच नाही, तुला माहीत आहे. ती म्हातारी होईस्तोवर पावलं वाजली की दाराकडे बघायची. नक्की काय झालं हे न कळणं फार वाईट असतं रे.

पत्रात लिहायचं म्हणशील तर लिहू नकोस. तुझं पत्र दहा जण वाचणार, मग तिला मिळणार. तोंडाने सांग. मी तिला घेऊन येते. भेटीला नाव लावायला सांगितलं आहे, पुढच्या महिन्यात नंबर लागेल. तिला विचारलं, "येशील का?" बराच वेळ मातीत काडी फिरवत होती. मग म्हणाली, "तो खाली आला नाही तर?"

मी म्हटलं, "येईल."

मी तुझ्या वतीने शब्द दिला आहे. आजवर कधी दिला नव्हता.

आत्या


मुलुंड, २० ऑक्टोबर २०२४

सुयोग,

तू आलास.

काचेपलीकडे तू आलेला दिसलास तेव्हा मी बाकावरून उठले नाही हे तू बघितलं असशील. गुडघ्याचं कारण नव्हतं. बोलायला फोन एकच आणि वेळ थोडा. मी उठले असते तर फोन घेतला असता, आणि एकदा घेतला असता तर सोडला नसता. म्हणून तिला पुढे पाठवलं आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर नियमांचा बोर्ड होता, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. काय वाचलं ते विचारशील तर एक ओळ आठवत नाही.

एकदाच वळून बघितलं. तू बोलत होतास. ती फोन दोन्ही हातांनी धरून ऐकत होती. मग तिने फोन जागेवर ठेवला, वेळ अजून बाकी होता तरी. मला म्हणाली, "चला आत्या." तुझ्याकडे मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं. तू अजून फोन कानाला धरून उभा होतास.

बाहेर आल्यावर गेटसमोरच्या टपरीवर तिने पाण्याची बाटली घेतली, एका दमात संपवली. मी काही विचारलं नाही. तू मला ओळखतोस, मी विचारलं नसतं. तीच बोलली, रिक्षात बसल्यावर.

"त्याने बोलावलं होतं," म्हणाली. "सुयोगने. रात्री फोन केला. दोन दिवस झोप नाही, एकट्याने जायची भीती वाटते, सोबत चल, बोलत राहा म्हणजे डोळा लागणार नाही. यज्ञेश आधी नाही म्हणाला. मग हा म्हणाला, तुला यावंच लागेल, आपल्या दोघांची ऑर्डर आहे. म्हणून गेला. आमचं भांडण यज्ञेशने याला सांगितलंसुद्धा. म्हणाला, घरी मुंजीवरून वाजलं, येताना तिच्या माहेरी जाऊन तोंड दाखवून येऊ. हसून सांगितलं म्हणे."

मग ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिचा चेहरा असा झाला की मी तो आधी कधी बघितला नव्हता. म्हणाली, "तुम्हाला कळतंय का आत्या? झोप येते हे त्याला माहीत होतं. माहीत असून गाडी काढली. आणि माझ्या माणसाला ओढून नेलं. आणि इतके महिने मी स्वतःला शिव्या घालत होते."

मी म्हटलं, "कळतंय."

"मी तुमच्या भाच्याला कधी माफ करणार नाही."

"करू नको," मी म्हटलं.

खरंच म्हटलं. तुझी बाजू घेतली नाही. घ्यायला तोंड नव्हतं, आणि गरजही नव्हती. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला म्हटलं, "समोर बघून चालव."

तिला तिच्या बिल्डिंगखाली सोडलं. उतरताना माझ्या पाया पडली. ती कधी पाया पडत नाही, आजकालच्या पोरी. म्हणाली, "रविवारी येणार नाही आत्या. तिथे आता बसवणार नाही मला." मी "बरं" म्हटलं. मग जिना चढून गेली. मी खाली उभी राहून बघत होते. गेले पाच महिने रविवारी तिला सोडायला जायचे तेव्हा ती कठडा धरून एकेक पायरी चढायची, म्हाताऱ्या बाईसारखी. काल दोन दोन पायऱ्या चढत गेली. चिडलेलं माणूस चढतं तशी.

तेव्हा तुझं काम झालं म्हणायचं.

आज रविवार होता. मी एकटीच गेले. सोनूबाईने विचारलं, "तुझी सूनबाय खंय?" तिला काय सांगणार, नव्हतीच ती माझी सून. "दमली," म्हटलं. पाणी घातलं, पिशव्या मोजायला मन झालं नाही.

आता तुला सांगते. तू हे सांगितलं नसतंस तर कोणाला कधी कळलं नसतं. फोनचं तुला आणि यज्ञेशला माहीत, बस. मला आता कळतं की तू खाली का येत नव्हतास. वाटलं होतं, यज्ञेश गेला त्याची लाज आहे. ती नव्हती. तुला माहीत होतं की कोणी समोर बसलं की हे तोंडातून निघणार. आणि जिला सगळ्यात लागणार तिलाच सांगावं लागणार. यज्ञेश भांडून रागाने आला होता म्हणाला असतास तर तुझं ओझं निम्मं झालं असतं, आणि तिचं तिच्यापाशी राहिलं असतं. तू तिचं काढून घेतलंस आणि आपल्यावर घेतलंस. बरोबर केलंस. आधी करायला हवं होतं. दोन्ही खरं आहे.

माफ करते वगैरे मी म्हणणार नाही. तो हक्क माझा नाही, तिचा आहे, आणि ती देणार नाही. मी तुझी आत्या आहे. मी यायची ती येणार.

पुढचा नंबर लागला की मी एकटीच येते. या वेळी फोन मी घेणार. मला फोनवर बोलायची सवय नाही, आणि तूही काही बोलायला हवं असं नाही. नुसता फोन कानाला लावून बस. वेळ संपेस्तोवर बसू.

आत्या